शाळेची दिनदर्शिका आणि उसाचा हंगाम



कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. गळीत हंगाम सुरू झाला की या परिसराचे वेळापत्रक ऊसच ठरवितो. अशा दिवसांत सकाळी अकरा वाजता बोलाविलेल्या पालकसभेस कोण येणार? ज्याची तोड आली, तो फडात असतो. ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा मग इतिवृत्तात पडतो. तो बहुधा अन्यायकारकच असतो.

शाळेने इंटरनेटवर सामायिक दिनदर्शिका ठेवावी, ती याचसाठी. भिंतीवरील ‘कालनिर्णय’च्या चौकटीत दुधाचा खाडा टिपण्याची सवय मराठी घरांना आहेच. येथे फरक एवढाच की, एकाने केलेली नोंद सर्वांच्या भिंतीवर उमटते. गूगलने २००६ मध्ये सुरू केलेली दिनदर्शिका याकरिता विनामूल्य वापरता येते. खाते मात्र शाळेच्या नावाने उघडावे. एखाद्या शिक्षकाच्या नावाने असल्यास त्याच्या बदलीबरोबर दिनदर्शिकेचीही बदली होते! नोंद करण्याचा अधिकार मुख्याध्यापक व एक-दोन शिक्षकांना, पाहण्याचा सर्वांना असावा. मुलांची नावे वा दूरध्वनी क्रमांक तीत घालू नयेत.

परीक्षा, सहल, स्नेहसंमेलन यांच्या नोंदी ओघाने होतातच. परंतु ग्रामसभा, आरोग्य तपासणी आणि तोडीचा अंदाजही तेथे दिसावयास हवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; तेच फडात असतील, तर सभा सह्यांपुरती उरते. तारीख ठरविण्यापूर्वी पंचायत सदस्यांना विचारले, तर तीच सभा सायंकाळी घेता येईल.

पावसाळ्यातही हीच गरज भासते. २०१९ व २०२१ चे महापूर कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. अतिवृष्टीमुळे सुट्टी जाहीर होते, चाचणी पुढे जाते, आणि तोंडी निरोपातून दोन घरी दोन तारखा पोहोचतात. सामायिक दिनदर्शिकेत एकदा बदल केला की सर्वांस तोच दिसतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी दर शनिवारी पुढील आठवड्याच्या नोंदी शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लावाव्यात. ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांवर मात्र कोणीतरी जाऊनच सांगितले पाहिजे. पहाटे फडात गेलेला मजूर फलक वाचण्यासाठी गावात येत नाही, आणि त्याचे मूल ज्या दिवशी शाळेत यावयाचे, तो दिवस त्याला कळावयास हवा.