पडद्यावरचा वार्ताहर आणि आपली काळजी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा निकाल, शिष्यवृत्त्या आणि शिस्त यांविषयी बोलले जाते. आज मी थोडा निराळा विषय घेतला आहे. युद्धभूमीवरून बातम्या देणारा दूरचित्रवाणीचा वार्ताहर आणि घरी बसून त्याची काळजी करणारे आपण प्रेक्षक. या विषयाचा शिक्षणाशी काय संबंध, हे शेवटपर्यंत ऐकल्यावर आपल्या ध्यानी येईल.

रोज संध्याकाळी जो चेहरा आपल्या घरात येतो, तो हळूहळू घरचाच होतो. तो एखाद्या दिवशी दिसला नाही, तर म्हाताऱ्या दादीसुद्धा विचारतात, "आज तो का नाही आला? खुशाल आहे ना?" त्याची भाषा आपल्यापैकी अनेकांना कळत नाही, पण आवाजातला थकवा कळतो. ही काळजी माणुसकीची आहे. तिला कुणी हसू नये. परंतु काळजी करून आपले कर्तव्य संपते काय, हा खरा प्रश्न आहे.

अल जझीराचे गाझातील प्रमुख वार्ताहर वाएल दहदूह यांचे उदाहरण घ्या. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी नुसैरात येथील हवाई हल्ल्यात त्यांची पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि नातू मारले गेले. दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. १५ डिसेंबरला खान युनिस येथे वार्तांकन करताना ते स्वतः जखमी झाले. ७ जानेवारी २०२४ रोजी त्यांचा थोरला मुलगा हमजा, जो स्वतःही वार्ताहर होता, हल्ल्यात ठार झाला. त्याच महिन्यात दहदूह उपचारांसाठी गाझाबाहेर पडले. जगभरच्या प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

इथेच थोडे थांबून विचार करा. आपला आवडता माणूस सुखरूप बाहेर पडला म्हणून आपण निर्धास्त झालो. पण ज्यांच्याविषयी तो सांगत होता, ती माणसे तिथेच राहिली. खान युनिसच्या त्या हल्ल्यात त्यांच्याबरोबरचे कॅमेरामन समेर अबू दक्का यांचा मृत्यू झाला. मदत त्यांच्यापर्यंत कित्येक तास पोहोचू शकली नाही. दहदूहांचा चेहरा जगाला ओळखीचा होता. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा किती जणांनी पाहिला होता? आपली काळजी पडद्यावर दिसणाऱ्या एका माणसापाशीच अडून राहिली, तर ती अपुरी आहे. कॅमेरा धरणारा, गाडी चालवणारा आणि दारात उभे राहून आपले दुःख सांगणारा, या सर्वांपर्यंत ती गेली पाहिजे.

पूर्वी युद्धाचा वार्ताहर बहुधा बाहेरून येई आणि काम आटोपल्यावर आपल्या देशी परत जाई. गाझामध्ये तसे झाले नाही. युद्ध सुरू झाल्यानंतर परदेशी वार्ताहरांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिले गेले नाही. त्यामुळे बातमी देण्याचा सारा भार तिथल्याच रहिवाशांवर पडला. ज्याने दिवसभर इतरांच्या पडलेल्या घरांची बातमी द्यायची, त्याचेच घर रात्री पडायचे.

याविषयी कायदा नाही असे समजू नका. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी कराराच्या ७९व्या कलमात, धोक्याच्या क्षेत्रात काम करणारे वार्ताहर हे नागरिकच मानले जावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००६ मध्ये १७३८ क्रमांकाचा ठराव करून वार्ताहरांवरील हल्ल्यांचा निषेध केला. तरीही ११ मे २०२२ रोजी जेनिन येथे शिरीन अबू अक्लेह गोळी लागून मरण पावल्या. त्यांच्या अंगावर वार्ताहराचे निळे जाकीट होते, डोक्यावर शिरस्त्राण होते. पाव शतक त्यांचा आवाज अरब घराघरांत ऐकला जात होता. त्या ख्रिस्ती होत्या. त्यांच्या अंत्ययात्रेत मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही चालले. प्रारंभी गोळी कुणाची याविषयी परस्परविरोधी विधाने झाली. अनेक वृत्तसंस्थांनी उपलब्ध चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे पडताळून पाहिली. अखेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, गोळी आपल्याच सैनिकाची असण्याची मोठी शक्यता आहे, पण ती चुकून लागली, असे इस्रायली सैन्याने मान्य केले. सत्य इथवर आले ते केवळ हळहळ व्यक्त करून नव्हे, तर पुरावे चिकाटीने जुळवून.

दुसरे उदाहरण अनस अल-शरीफ यांचे. २८ वर्षांचा हा तरुण उत्तर गाझातून बातम्या देत असे. तो हमासचा माणूस आहे असा आरोप इस्रायली सैन्याने केला. त्याने आणि अल जझीराने तो नाकारला. जुलै २०२५ मध्ये वार्ताहरांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याच्या जिवाला धोका असल्याची चिंता जाहीरपणे व्यक्त केली. १० ऑगस्टला शिफा रुग्णालयाबाहेरील वार्ताहरांच्या तंबूवर हल्ला झाला आणि तो आपल्या सहकाऱ्यांसह मारला गेला. जगाला काळजी होती, तरीही तो वाचला नाही.

मग काळजी व्यर्थ आहे काय? माझे नम्र उत्तर असे की, ती नुसती हुरहुर राहिली तर व्यर्थ आहे. तिचे आचरण झाले तर नाही. प्रेक्षकाला करता येण्याजोग्या तीन गोष्टी मी सांगतो.

पहिली गोष्ट, अफवा पसरवू नका. "अमुक वार्ताहर मारला गेला" असा मजकूर मोबाईलवर येताच आपण तो दहा जणांना धाडतो. त्याच्या घरच्यांवर काय प्रसंग ओढवेल, याचा विचार करीत नाही. शिवाय जुने किंवा भलत्याच देशाचे चित्र आपण पुढे पाठविले, तर जीव धोक्यात घालून खरे चित्र पाठविणाऱ्याच्या कष्टांवर आपणच पाणी ओततो.

दुसरी गोष्ट, शौर्याचा हव्यास धरू नका. तो आगीच्या जितका जवळ जाईल तितकी आपण वाहवा करतो. तो लढवय्या नाही, साक्षीदार आहे. साक्षीदार जिवंत राहिला पाहिजे. एखाद्या दिवशी तो मागे हटला, गप्प बसला, तर त्याला भेकड म्हणू नका.

तिसरी गोष्ट, तो दिसेनासा झाला तरी त्याने सांगितलेली हकीकत विसरू नका. आणि आपल्या मनाविरुद्ध बातमी देणाऱ्या वार्ताहराच्या जिवाचीही तितकीच कदर करा. आपल्या बाजूचा तेवढाच वार्ताहर प्यारा, असे म्हणणे म्हणजे न्याय नव्हे.

आता पालकांसाठी दोन शब्द. हे सारे ऐकून, आपल्या मुलाने किंवा मुलीने या वाटेला जाऊच नये, असे आपल्याला वाटेल. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात शिकलेले दानिश सिद्दीकी यांनी आपल्या कामाची सुरुवात दूरचित्रवाणीवर केली. पुढे ते रॉयटर्सचे छायाचित्रकार झाले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या चमूत ते होते. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे ते मारले गेले. जामियाच्याच कब्रस्तानात त्यांचे दफन झाले. आई-बापांच्या मनातली भीती खोटी नाही. पण सर्वच घरांनी आपली मुले रोखून धरली, तर दुर्बलांची हकीकत जगाला सांगणार कोण? मुलांना रोखण्यापेक्षा त्यांना तयार करा. त्यांना दोन-तीन भाषा चांगल्या येऊ द्या. इतिहास, कायदा आणि प्रथमोपचार शिकू द्या. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक त्यांना लहानपणीच कळू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी थोडेच वार्ताहर होतील. प्रेक्षक मात्र सगळेच होणार आहात. चांगला प्रेक्षक होण्यासाठीही शिक्षण लागते. आज घरी गेल्यावर बातम्या पाहाल, तेव्हा नकाशा उघडून ते गाव कुठे आहे ते शोधा, आणि एक बातमी दोन ठिकाणी पडताळून मगच दुसऱ्याला सांगा. जो आपल्यासाठी तिथे उभा आहे, त्याचे एवढे देणे आपण लागतो.