संकेतस्थळाची भांडारे कोणाकडे सोपवावीत?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर



कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या वसाहतीत इंजिने तयार होतात, कापड विणले जाते, ओतकामातून यंत्रांचे सुटे भाग घडविले जातात. यांतील पुष्कळसा माल परदेशी जातो. परदेशी ग्राहक मालाची चौकशी करण्याआधी कारखान्याचे संकेतस्थळ पाहतो. आपल्या ग्रामपंचायती, शाळा आणि कार्यालये यांचीही संकेतस्थळे आता झाली आहेत. परंतु संकेतस्थळ तयार करणे आणि ते गरजेच्या वेळी उघडणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दुसऱ्या गोष्टीसाठी जी व्यवस्था वापरतात तिला आशय वितरण जाळे, अर्थात सीडीएन, असे म्हणतात. ही सेवा देणारे अनेक आहेत. त्यांतून निवड कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

भांडारांची व्यवस्था

शिक्षकबंधूंना हे जाळे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके पुण्यात तयार होतात. पण प्रत्येक शाळेने पुस्तकांसाठी पुण्यास जावे अशी अपेक्षा नसते. त्यासाठी विभागीय भांडारे आहेत, कोल्हापुरातही आहे. आशय वितरण जाळे म्हणजे अशीच भांडारे. मूळ संकेतस्थळ एका संगणकावर असते आणि त्याच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील केंद्रांत ठेवल्या जातात. वाचकाला सर्वांत जवळच्या केंद्रातून प्रत मिळते.

याची आवश्यकता अंतरामुळे भासते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. येथून जर्मनीतील फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे एका जाण्यायेण्यास निदान ६५ सहस्रांश सेकंद लागणारच. हा काळ क्षुल्लक वाटेल; परंतु एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात आणि विलंब साचत जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील टॉम लेटन व डॅनियल लेविन यांनी याच प्रश्नावर काम करून १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी स्थापन केली. आज क्लाउडफ्लेअर, अमेझॉनचे क्लाउडफ्रंट, फास्टली असे इतरही पुरवठादार आहेत. शासकीय कार्यालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची एस-थ्री-वास ही व्यवस्था असून अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तीवर चालतात.

पहिली कसोटी : केंद्रे कोठे आहेत?

पुरवठादाराच्या जाहिरातीत केंद्रांची एकूण संख्या ठळकपणे दिलेली असते. त्या संख्येपेक्षा आपला वाचक कोठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा होय. ग्रामपंचायतीचा वाचक गावात, फार तर मुंबई-पुण्यात असतो; तिला भारतातील केंद्रे पुरेशी आहेत. निर्यातदार कारखान्याला मात्र युरोप-अमेरिकेतील केंद्रे हवीत. येथे दरपत्रक बारकाईने वाचले पाहिजे. उदाहरणार्थ, क्लाउडफ्रंटच्या वापरानुसार आकारणीत दरवर्ग असून सर्वांत स्वस्त वर्गात भारतातील केंद्रे अंतर्भूत नाहीत. केवळ स्वस्त म्हणून तो घेतल्यास गावच्या वाचकाला प्रत परदेशातूनच मिळेल. म्हणून करारापूर्वी गावातील साध्या मोबाईलवर पान उघडून पाहावे.

दुसरी कसोटी : जुनी प्रत किती लवकर मागे घेता येते?

अभ्यासक्रम बदलला की भांडारातील जुनी पुस्तके काढून घ्यावी लागतात. तसेच येथेही आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांपलीकडे गेली होती. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. समजा, सकाळी ३९ फूट ही नोंद संकेतस्थळावर आली आणि वितरण केंद्रात ती प्रत चोवीस तासांसाठी ठेवली गेली. दुपारी पाणी ४३ फुटांवर पोहोचले, तरी नदीकाठच्या कुटुंबाला सकाळचाच आकडा दिसेल, आणि तोही अतिशय वेगाने! विलंबाने दिसलेली खरी पातळी गैरसोयीची असते. वेगाने दिसलेली जुनी पातळी घातक असते. म्हणून जुनी प्रत तत्काळ रद्द करण्याची सोय आहे काय, ती कोणी वापरावयाची आणि त्या कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीत कोणी, हे लेखी ठरलेले असावे.

तिसरी कसोटी : गर्दी आणि खर्च

१६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. लाखो विद्यार्थी व पालक एकाच वेळी आले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. मात्र वितरण जाळे घेतले की गर्दीचा प्रश्न सुटला, असे समजू नये. बोधचिन्ह, सूचना, परिपत्रके ही सर्वांसाठी सारखी असतात. त्यांच्या प्रती ठेवता येतात. प्रत्येकाचा निकाल किंवा सातबारा निराळा असतो. त्याची मागणी बहुधा मूळ संगणकापर्यंत जाते आणि त्याची क्षमता स्वतंत्रपणे वाढवावी लागते.

आकारणी बहुधा पाठविलेल्या माहितीच्या आकारमानावर असते. २ मेगाबाईटचे पान १० हजार वेळा उघडले तर २० गिगाबाईट होतात. तेच पान छायाचित्रे लहान करून २०० किलोबाईटवर आणले तर केवळ २ गिगाबाईट! तेव्हा पुरवठादाराकडे जाण्यापूर्वी पान हलके करणे ही पहिली काटकसर होय.

चौथी कसोटी : नागरिकांची माहिती

वाचक व मूळ संगणक यांतील सांकेतिक कुलूप सामान्यतः वितरण केंद्रातच उघडले जाते. म्हणजे जे भरून पाठविले ते पुरवठादाराच्या यंत्रणेतून उघड्या रूपात जाऊ शकते. म्हणून अर्ज, दाखले, विद्यार्थ्यांचे तपशील असलेल्या पानांच्या प्रती केंद्रात ठेवू नयेत. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ अन्वये या माहितीची जबाबदारी संस्थेवर आहे. काम ठेकेदाराकडे दिले म्हणून ती टळत नाही. तसेच सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावयाची आणि नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात. या नोंदी पुरवठादार देणार काय, हे आधी विचारावे.

पाचवी कसोटी : बाहेर पडण्याची वाट

८ जून २०२१ रोजी फास्टलीच्या यंत्रणेतील एका दोषामुळे ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळासह अनेक स्थळे सुमारे तासभर बंद पडली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरमधील बिघाडाने जगभर असाच प्रकार घडला. एजिओ या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिचे जाळे बंद झाले; ग्राहकांना अल्पावधीत अन्यत्र जावे लागले. मोठे नाव ही हमी नव्हे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा एकाच रस्त्यावर विसंबण्याचा अर्थ या जिल्ह्याने अनुभवला आहे.

ग्रामपंचायतीने दोन पुरवठादार ठेवावेत, असे मी म्हणणार नाही; तो खर्च अनाठायी ठरेल. परंतु संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावे नोंदलेले असावे, त्याची किल्ली कार्यालयात असावी आणि मूळ मजकुराची संपूर्ण प्रत आपल्याजवळ असावी. एवढे असेल तर पुरवठादार बदलणे शक्य होते. हे सर्व ठेकेदाराच्या नावे असेल तर स्वस्तातील सेवाही महाग पडते.

तात्पर्य असे की, शासकीय कार्यालयांनी प्रथम शासनाच्या व्यवस्थेत सोय होते काय ते पाहावे. लहान शाळा व संस्थांना काही पुरवठादारांची विनामूल्य योजनाही पुरू शकेल. निर्यातदारांनी आपल्या ग्राहकांच्या देशात चाचणी घेऊन मगच दर ठरवावा. आणि प्रत्येकाने करारावर सही करण्यापूर्वी या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. पुराच्या रात्री गावकरी ज्या आकड्यावर विश्वास ठेवून घर सोडावयाचे की नाही हे ठरविणार, तो आकडा खरा आणि वेळेवर दिसावा, याहून मोठी कसोटी दुसरी नाही.