अकरा जणींचा ओटा

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला ‘तंत्रज्ञान आणि मैत्री’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातल्या एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. आम्ही अकरा मैत्रिणींनी स्वतःपुरतं एक ॲप केलं. त्याचं नाव ‘ओटा’. ते प्ले स्टोअरवर नाही, शोधलंत तरी सापडणार नाही.

आम्ही मिरजेत एका वसतिगृहात होतो. सात जणी मुसलमान, बाकीच्या मराठा, लिंगायत, एक जैन. आज कुणी सोलापूरला, कुणी मालेगावला, कुणी भिवंडीत, दोघी आखाती देशात. व्हॉट्सॲपचा ग्रुप होताच. मग वेगळं ॲप कशाला?

पहिलं कारण तुम्हाला माहीत आहे, पण ते इथं स्पष्ट बोललं पाहिजे. जुलै 2021मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाचं ॲप गिटहबवर आलं. मुसलमान बायकांचे फोटो त्यांच्या स्वतःच्या सोशल मीडिया खात्यांवरून उचलून ते ‘लिलावाला’ मांडले होते. पुन्हा 1 जानेवारी 2022ला ‘बुल्ली बाई’. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांनी काही दिवसांत अटका केल्या. दोन्ही पोलीस तपासांत मिळून जे पकडले गेले, त्यात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. म्हणजे जे मी शिकले, तेच शिकणारी मुलं. हे मला फार लागलं.

त्यानंतर आमच्यातल्या चौघींनी फोटो टाकणंच बंद केलं. एकीनं तर ग्रुपवरही टाकायचं सोडलं. ती म्हणाली, ‘अगं, तुमच्यावर विश्वास आहे, पण तुमच्या फोनवर नाही.’ तिचं बरोबर होतं. घरात फोन एकाचा नसतो. दीर बघतो, नणंद बघते, मुलं गेम खेळतात. ग्रुपवरचा फोटो एका बोटानं पुढं जातो आणि मग तो कुठं थांबेल ते सांगता येत नाही. काही घरांत तर बायको मोबाइलवर कुणाशी बोलते याचा हिशोबच द्यावा लागतो, आणि तो फक्त मुसलमान घरांत मागतात असं समजू नका.

दुसरं कारण साधं आहे. ग्रुप म्हणजे वाहता नळ. आठ दिवस नाइट ड्युटी करून नर्स मैत्रीण परत येते तेव्हा तिच्यासमोर चारशे मेसेज असतात. ती ते वाचत नाही, लाजेनं बोलतही नाही. अशी माणसं हळूहळू गळतात.

लहान वर्तुळाचा विचार आम्हीच पहिल्यांदा केला असं नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1990च्या दशकात मांडलं की माणूस साधारण 150 माणसांशी खरं नातं टिकवू शकतो. त्यातही अगदी जवळचे पाचेक, मग पंधराच्या आसपास. अमेरिकेत 2010 साली ‘पाथ’ नावाचं ॲप निघालं, सुरुवातीला फक्त 50 मित्रांची मर्यादा. कल्पना चांगली होती. पण 2012मध्ये उघड झालं की ते ॲप आयफोनमधली सगळी संपर्कयादी न विचारता स्वतःच्या सर्व्हरवर नेत होतं. पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगानं 8 लाख डॉलर दंड वसूल केला. 2018मध्ये पाथ बंद पडलं. खाजगीपणा विकायला काढला की असंच व्हायचं. गुंतवणूकदाराला पन्नास माणसांत रस नसतो.

आम्हाला गुंतवणूकदार नको होता, त्यामुळे काम सोपं झालं. एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, महिन्याला 500 रुपयांच्या आत. अकरा जणींत वाटलं तर चहा-वड्याचा खर्च. ब्राउझरमध्येच चालतं, फोनवर वेगळं काही उतरवून घ्यायला नको.

उघडलं की अकरा चौकोन दिसतात, प्रत्येकीचा एक. चौकोनात तिनं शेवटचं जे ठेवलं ते: फोटो, दोन ओळी किंवा आवाज. आवाज सगळ्यात जास्त चालतो. आमच्यातल्या बऱ्याच जणी घरी दखनी बोलतात, लिहितात मराठीत. बोलून टाकलं की दोन्ही भाषा एका वाक्यात सुखानं नांदतात. लाइक नाही, निळ्या खुणा नाहीत, कुणी पाहिलं ते कळत नाही. उत्तर देण्याची सक्ती नाही.

फोनमधल्या फोटोत तो कुठं काढला याची नोंद दडलेली असू शकते. ती आम्ही चढवतानाच काढून टाकतो. सूचना येते तेव्हा पडद्यावर एवढंच दिसतं: ‘ओट्यावर कुणीतरी आलं आहे.’ नाव नाही, मजकूर नाही, कारण फोन स्वयंपाकघराच्या फळीवर पडलेला असतो. नव्वद दिवसांनी सगळं पुसलं जातं. स्क्रीनशॉट मात्र थांबवता येत नाही. थांबवता आला असता तरी दुसऱ्या फोननं पडद्याचा फोटो काढता येतोच. ते मैत्रीवरच सोडावं लागतं.

नवीन माणूस घ्यायचं तर अकराही जणींचा होकार लागतो. एकीनं नवऱ्याला घ्यायचं विचारलं. भला माणूस आहे, आमच्या लग्नांत राबलेला. तीन जणी नको म्हणाल्या, कारण विचारलं नाही. त्याला घेतलं नाही. ती पंधरा दिवस रुसली होती.

सगळ्यात अवघड प्रश्न माझ्या सत्तेचा होता. सर्व्हर माझ्या हातात. सिग्नलसारखं, पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप आणि घेणाऱ्याच्या फोनवर किल्ली, असं कूटबद्धीकरण स्वतः लिहिणं हे माझ्या कुवतीचं काम नाही, आणि अर्धवट केलेलं कुलूप हे उघड्या दारापेक्षा वाईट, कारण माणूस गाफील राहतो. म्हणून पहिल्याच बैठकीत सांगितलं: मी मनात आणलं तर तुमचं सगळं वाचू शकते. एक जण म्हणाली, ‘मग तू आमची सासू झालीस.’ हसलो सगळ्या, पण तिनं आजपर्यंत ओट्यावर फोटो ठेवलेला नाही. फक्त आवाज ठेवते. मला ते मान्य आहे. नव्वद दिवसांची अट त्याच बैठकीतून आली: जे शिल्लकच नाही ते मी वाचणार कुठून? 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीनं घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती बाहेर ठेवली आहे. म्हणजे आमच्यात मला जाब विचारणाऱ्या याच दहा जणी.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे काही न करता सरळ सिग्नल वापरावं, असं मी सांगेन. गुप्तता एवढंच हवं असेल तर ते आमच्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. आम्हाला त्याशिवाय रिकामा चौकोन दिसायला हवा होता.

तीन आठवडे कुणी काही ठेवलं नाही की तिचा चौकोन फिका पडतो. यंत्र कुणाला कळवत नाही, मुद्दामच. गेल्या वर्षी एकीचा चौकोन फिका पडला. चॅटच्या ग्रुपमध्ये तिचं नसणं कुणाला कळलं नसतं, इतर दहा बोलतच असतात. इथं ते डोळ्यांत खुपत होतं. फोन लावले, बंद. शेवटी सोलापूरची मैत्रीण एसटीनं तिच्या गावी गेली, हातात खव्याच्या पोळ्या. बाळंतपणानंतर तिचा मोबाइल घरच्यांनी काढून घेतला होता, ‘दूध आटतं’ म्हणून. तिच्या सासूबाईंशी दोन तास गप्पा झाल्या, भांडण नाही. मोबाइल लगेच मिळाला नाही. दीड महिन्यानं तिच्या चौकोनात बाळाच्या रडण्याचा आवाज आला, अकरा सेकंदांचा. नव्वद दिवस झाले तेव्हा तो पुसायचा नाही असा ठराव काही जणींनी मांडला. तिनंच नको म्हटलं.

आता सर्व्हरच्या किल्ल्या आणि बिलाची माहिती मालेगावच्या मैत्रिणीलाही शिकवते आहे, म्हणजे उद्या माझं काही झालं तर ओटा उभा राहील. ती उर्दू माध्यमातली शिक्षिका आहे, संगणक फारसा येत नाही, रविवारी दोन तास बसतो आम्ही. तुमच्यापैकी कुणाला असं करायचं असेल तर कोड मी देईन. अट एकच, पंधराच्या वर माणसं घ्यायची नाहीत. लॅपटॉप घेऊन जेवणानंतर मागच्या खोलीत या, चार्जर मात्र आपापला आणा.