वाचलेली पुस्तके आणि वाचून दाखवलेली पुस्तके

पुस्तक आवडले म्हणजे नक्की काय झाले, हे सांगणे मोठे अवघड असते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुलांना कथानक, पात्रे, वातावरण, भाषाशैली असे कप्पे पाडून देतो आणि मुलेही ते कप्पे नीट भरून उत्तरपत्रिकेत परत करतात. यात कोणाचे काही बिघडत नाही. पण यात कोणी पुस्तक वाचलेले असतेच असे नाही. मी स्वतः दोन पुस्तके वीस वर्षे शिकवली आणि ती वाचली मात्र गेल्या वर्षी, त्याची ही हकीकत आहे.

झाले असे, की माझ्या आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. धूळ नको, चुलीचा धूर नको, म्हणून तिला गावाहून माझ्याकडे आणले. कामाची सवय असलेल्या बाईला रिकामे बसणे ही मोठीच शिक्षा. चार दिवसांत ती कंटाळली. तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर मी तिला वाचून दाखवू लागलो. पहिले पुस्तक हाती आले ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई म्हणजे कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. त्यांना अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. त्यांनी ही आठवणींची पोथी लिहिली, ती आपल्या ओसरीवर बसून कोणी बोलावे अशा भाषेत.

लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे पाळणारे. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! आई खुदकन हसली. म्हणाली, “धुतल्यावर उरत काय असंल रं?” मी हा प्रसंग वर्गात ‘विनोद’ या मथळ्याखाली सांगत आलो होतो. पण धुऊन मीठ उरते किती, आणि ज्या घरात ते उरत नाही त्या घरातल्या बाईने स्वयंपाक कसा करायचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला आयुष्यभर भाकऱ्या थापलेल्या असाव्या लागतात.

पुढे १८९५ साल येते. टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता मी टिळकांचा भक्त. त्या काळी आपल्या विवेकाला पटले म्हणून सगळा समाज अंगावर घेणे ही लहान गोष्ट नव्हे, असे मी मुलांना तळमळीने सांगतो. आईलाही सांगू लागलो. तिने हाताने मला थांबवले.

“व्हय रं, पर त्या बाईला कुणी इचारलं का?”

मी गप्प झालो. नवरा जिवंत आहे आणि नाहीही, मूल पदरात आहे, नातेवाईक रडताहेत. पुढची काही वर्षे या बाईने पंढरपूरसारख्या ठिकाणी दुसऱ्यांच्या आधाराने काढली. मग ती नवऱ्याकडे गेली, तीही आपले सोवळे सांभाळून. जातपात ही माणसाने केलेली आहे, असे तिचे तिला पटल्यावरच तिने ते सोडले, आणि १९०० साली तीही ख्रिस्ती झाली. म्हणजे टिळकांपाशी जो विवेक होता तो तिच्यापाशीही होता. फक्त तिला तो वापरायला सवड कोणी दिली नव्हती, ती तिने आपली आपण काढली. माझे टिळकांवरचे प्रेम कमी झालेले नाही. पण आता तो पाठ शिकवताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, एवढे खरे.

दुसरे पुस्तक घेतले व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’. ही कादंबरी १९५५ सालची. माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी पुष्कळ वर्षे काम केले, त्यामुळे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ते परके नाहीत. औंध संस्थानातली, माणदेशातली धनगरांची वाडी. तिथे पोरसवदा राजाराम मास्तर नेमणुकीवर जातो. शाळा चावडीत. पोरे मेंढरांमागे. शिक्षक मंडळींनी ही कादंबरी वाचली नसेल तर जरूर वाचावी. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणाऱ्या अडचणी तिच्यात आहेत. हा मास्तर मुलांना शिकवतोच, शिवाय साऱ्या वाडीची कामे त्याच्या गळ्यात पडतात. एक बैल आणि त्याच्या जोडीला स्वतःची बायको जुंपून शेत नांगरणारा शेकूही यातच भेटतो.

शेवटी दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वाडी सोडतात. हा भाग मी वाचत होतो आणि आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटले, झोप लागली. मग ती म्हणाली,

“आमचं बी असंच झालं. भात्तर साली.”

१९७२ चा दुष्काळ मी पुस्तकांतून वाचला आहे. आई तेव्हा सातवीत होती. आता हे मला सांगितलेच पाहिजे, की तिची शाळा का सुटली याचे घरात एकच उत्तर होते. ‘मला शाळेचा कंटाळाच हुता’, असे ती सांगायची. मी प्राध्यापक झाल्यावर तिला यावरून किती वेळा चिडवले असेल! त्या रात्री कळले, की ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मजुरी मिळे, सुकडी मिळे. घरातली पाच माणसे कामावर, मग शाळेत कोण जाणार?

“मास्तर दोनदा आले हुते बोलवायला,” आई म्हणाली. “मी खडीच्या ढिगामागं लपले. हातात हातोडी, आन् मास्तरनं बघितलं तर?”

मी विचारले, “आई, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तू इचारलंस कवा? कंटाळा म्हटलं की तुला पटायचं.”

यावर मी काय बोलणार? पुढची पाने वाचली. वाडी ओस पडते, मास्तरही निघतो आणि कादंबरी संपते. आईने विचारले, “परत आला का त्यो मास्तर?” पुस्तकात ते नाही, असे मी सांगितले. ते तिला मुळीच आवडले नाही. लिहिणाऱ्याने तेवढे लिहायला हवे होते, असे तिचे अजूनही मत आहे.

नंतर मी ‘श्यामची आई’ काढले, तर म्हणाली, ते नको, त्यात लई रडायचं असतं. म्हणून सध्या रमाबाई रानड्यांच्या आठवणी चालू आहेत. १९१० सालचे पुस्तक आहे. भाषा जुनी, वाक्ये लांब. पण रमाबाई घरच्यांची बोलणी खात खात लिहायला-वाचायला शिकतात, तिथे आई पान उलटू देत नाही. तो भाग दोनदा वाचावा लागतो. डोळा आता बरा झाला आहे, गावी जायचे म्हणते. मात्र पुस्तक संपल्यावर.