हायब्रिड एसयूव्ही घेतल्यावरचे पहिले सहा महिने

  

गेले काही आठवडे दोन प्रकारचे मेसेज सारखे येतायत. पहिला असा: "घरात पहिली मोठी गाडी घ्यायचीय. बाबा म्हणतात साधी पेट्रोल घे, मी म्हणतो हायब्रिड. काय करू?" आणि दुसरा, ज्यांनी ऑलरेडी घेतलीय त्यांचा: "कंपनी अठ्ठावीसचं अ‍ॅव्हरेज सांगते, मला एकोणीस मिळतंय. गाडीत प्रॉब्लेम आहे का?"

गंमत अशी आहे की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुम्ही गाडी कुठे आणि किती चालवता, त्यावर सगळं आहे. आज तेच जरा नीट उलगडून बोलू.

उदाहरणासाठी एक जोडी घेऊ. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर. दोन्ही सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आल्या, दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होतात. आतून सख्ख्या बहिणी, फक्त चेहरा वेगळा. मध्यम आकाराच्या एसयूव्हीत 'स्ट्राँग हायब्रिड' आपल्याकडे पहिल्यांदा आलं ते या दोघींमुळे. त्यामुळे नवी हायब्रिड घेतल्यावर सुरुवातीला काय काय होतं, हे या गाड्यांवरून छान कळतं. तुम्ही दुसऱ्या कंपनीची बघत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आता सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवू, कारण इथेच लोक फसतात. शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द दोन वेगळ्या गाड्यांना लावतात. ग्रँड विटारामध्ये एक माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यात छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन चालू करते, बस. ती मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही. तिचं कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज मॅन्युअलला २१.११ होतं. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि ८० पीएसची मोटर, दोन्ही मिळून ११६ पीएस. ही गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवर चालू शकते. तिचा आकडा २७.९७. दोघींच्या किमतीत लाखांचा फरक. तेव्हा सेल्समन 'हायब्रिड' म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा: "दादा, माइल्ड की स्ट्राँग?"

हिला चार्जिंगला लावायचं नसतं. प्लगच नाही. ब्रेक मारला, अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की चाकांची ऊर्जा मोटरमधून बॅटरीत परत जाते. बाकीचं चार्जिंग इंजिन करतं. बॅटरी किती मोठी? फक्त ०.७६ किलोवॉट अवर. पहिली टाटा नेक्सॉन ईव्ही आठवा, तिची बॅटरी तीसच्या आसपास होती. म्हणजे इथे चाळिसावा हिस्सा. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. ही बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी नाही, तांब्या आहे. पटकन भरतो, पटकन रिकामा होतो.

आता पहिला आठवडा. नवी गाडी घेतलेले जवळजवळ सगळे एकच गोष्ट सांगतात: शांतता. बटण दाबलं, आवाज नाही. 'रेडी' असा दिवा लागतो आणि गाडी गुपचूप सोसायटीतून बाहेर पडते. मस्त वाटतं! पण याच शांततेचे दोन धोके आहेत, नीट ऐका.

एक म्हणजे, पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांना आणि झोपलेल्या कुत्र्यांना गाडी आल्याचं कळतच नाही. मारुतीने जुलै २०२३ मध्ये ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला कमी वेगात बाहेर आवाज करणारी यंत्रणा दिली आणि त्यासाठी किंमत चार हजारांपर्यंत वाढवली. म्हणजे त्याआधीच्या गाड्या घेणाऱ्यांना ही सोय नव्हती. सेकंडहँड बघत असाल तर हे विचारून घ्या.

दुसरा धोका, गाडी चालू ठेवून उतरणं. इंजिन बंद आहे म्हणून वाटतं गाडी बंद आहे. पण 'रेडी' दिवा लागलेला असेल तर ती चालूच आहे. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये हे जिवावर बेतू शकतं, धुराचा प्रश्न आहे. आई-बाबा गाडी वापरणार असतील तर त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवा. टचस्क्रीन नंतर.

मग येतो पहिला महिना, आणि सुरू होतो अ‍ॅव्हरेजचा खेळ. स्क्रीनवर दिसतं की आजचा प्रवास इतके टक्के विजेवर झाला. पोरं त्याच्या नादी लागतात. साठ टक्के, पासष्ट टक्के, स्क्रीनशॉट ग्रुपवर! अरे, पण ती वीज आली कुठून? बरीचशी तुमच्याच पेट्रोलमधून. टक्के म्हणजे बचत नव्हे. खरा हिशोब एकच, आपला जुना, टाकी फुल टू फुल. टाकी भरा, किलोमीटर लिहा, परत भरा, भागाकार करा. असं चार-पाच वेळा केल्याशिवाय कुणालाही आपलं अ‍ॅव्हरेज सांगू नका.

तो २७.९७ चा आकडा खोटा आहे का? नाही. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाने आणि एसी बंद ठेवून काढलेला आहे. तुम्ही मे महिन्यात एसी फुल लावून चाकण रोडला अडकलेले असता. एसीही त्याच बॅटरीवर चालतो. तांब्यातलं पाणी थंड हवेसाठी संपलं की ते भरायला इंजिन सुरू होतं, गाडी उभी असली तरी. त्यात काही बिघाड नाही. एसी सोळावर न ठेवता चोवीस-पंचवीसवर ठेवला तर फरक दिसतो.

आता मजेचा भाग. साध्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सिटीत पडतं आणि हायवेला वाढतं, बरोबर? हायब्रिडचं उलटं आहे. सिग्नल, ब्रेक, रांगणं, परत ब्रेक, यात तिची खरी कमाई. प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते, आणि रांगताना इंजिन बंद. पण एक्सप्रेस वेला शंभर-एकशे दहाने सरळ जाताना ब्रेक कुठे मारता तुम्ही? परत मिळवायला काही नाही, इंजिन सतत चालू, बॅटरी आणि मोटरचं वजन मात्र सोबत. म्हणून पहिल्या लाँग ड्राइव्हनंतर तोंड उतरतं, "एकोणीसच आलं!" भावा, गाडी ठीक आहे. तू तिला तिच्या नावडत्या कामाला लावलंस.

घाटाचंही सांगतो. चढताना बॅटरी संपते, मग तीन सिलिंडरचं इंजिन एकट्याने ओढतं आणि चांगलंच ओरडतं. गिअर पडताना जसा आवाज बदलतो तसा इथे बदलत नाही, एकसुरी गुरगुर राहते. आणि उतरताना? बॅटरी दोन वळणांत फुल. फुल झाल्यावर वीज साठवायला जागा नाही, म्हणजे मोटरचा ब्रेकही कमी होतो. तेव्हा गिअर लिव्हरवर 'बी' असं लिहिलंय ते वापरायचं. त्यात इंजिन गाडीला मागे खेचून धरतं. आवाज वाढतो, घाबरू नका, ते इंजिन ब्रेकिंग आहे. आंबा घाट किंवा वरंधा उतरताना नुसत्या ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, एवढंच.

डिकी. हा विषय गणपतीला गावी निघताना कळतो. बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी आहे. त्यामुळे माइल्ड हायब्रिडमध्ये जिथे ३७३ लिटर जागा मिळते, तिथे स्ट्राँगमध्ये २६५ च. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊन जा आणि ठेवून बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

सहा महिन्यांत समोर येणारी अजून एक गोष्ट म्हणजे छोटी बॅटरी. हायब्रिडमध्येही साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. मोठी बॅटरी जोडणारी सगळी यंत्रणा ती जागी करते. गाडी तीन आठवडे बंद ठेवून गावी गेलात आणि ही छोटी उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा 'रेडी'मध्ये अर्धा तास ठेवा, मोकळ्या जागेत. आणि बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याला वायरी कापू देऊ नका. नारिंगी केबल दिसली की तिथे हात लावायचा नाही, ती हाय व्होल्टेज आहे. मोठ्या बॅटरीला कंपनीची आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. कुठल्यातरी हॉर्नसाठी त्यावर वाद ओढवून घेऊ नका.

नव्या मॉडेलबद्दल एक इशाराही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने ११,१७७ ग्रँड विटारा परत बोलावल्या. मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटमध्ये दोष असू शकतो म्हणून. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२२ मध्ये बनलेल्या गाड्या, म्हणजे अगदी पहिली खेप. त्याच महिन्यात एअरबॅग कंट्रोलरसाठी वेगवेगळ्या मॉडेलच्या मिळून १७,३६२ गाड्या बोलावल्या, त्यातही ग्रँड विटारा होती. दोन्ही वेळा भाग तपासून फुकट बदलून देणार होते. याचा हायब्रिड असण्याशी काही संबंध नाही, पण पहिल्या खेपेची गाडी घेणाऱ्याने हे धरूनच चालावं. कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मागे आजी बसते.

आता मूळ प्रश्न, बाबांशी वाद. कागद-पेन घ्या, किंवा फोनमधला कॅल्क्युलेटर.

धरू की साध्या ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड ऑन-रोड साडेतीन लाखांनी महाग पडते. पेट्रोल हिशोबाला सोपं म्हणून १०० रुपये. सिटीत साधी गाडी ११ देते, हायब्रिड २२. महिन्याला हजार किलोमीटर चालवलंत तर ४५ लिटर वाचलं, म्हणजे साडेचार हजार रुपये. साडेतीन लाख वसूल व्हायला साधारण साडेसहा वर्षं. महिन्याला दोन हजार चालत असेल तर सव्वातीन वर्षं. आणि गाडी फक्त शनिवार-रविवार निघते, महिन्याला चारशे किलोमीटर? मग सोळा वर्षं!

तेच हायवेचं बघा. साधी १६, हायब्रिड २०. हजार किलोमीटरला साडेबारा लिटर वाचतं. साडेबाराशे रुपये. वसुली तेवीस वर्षांनी. कर्जाचं व्याज तर यात धरलेलंच नाही.

हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही टाका. तुमच्या शहरातला भाव, तुमच्या शोरूमचं कोटेशन, तुमचे महिन्याचे किलोमीटर. जुन्या गाडीच्या सर्व्हिस बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, तिथून खरा आकडा काढा. अंदाजाने सांगताना आपण सगळेच जास्त सांगतो.

म्हणजे रोज घोडबंदर रोडने किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पन्नास-साठ किलोमीटर जाणार असाल, तर हायब्रिड तुमच्यासाठीच बनलीय. बाबांना हिशोब दाखवा, ते ऐकतील. पण नाशिक-मुंबई हायवेनेच फिरणं असेल, किंवा गाडी बहुतेक वेळ कव्हरखाली राहणार असेल, तर बाबा बरोबर आहेत. मान्य करून टाका. शांतता आवडते, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाहीत, म्हणून घ्यायची असेल तरी हरकत नाही. मग ती हौस आहे असं घरात सरळ सांगा. अ‍ॅव्हरेजच्या नावाखाली हौस विकू नका, कारण ईएमआय सगळं घर भरतं.

आणि ज्यांनी घेतलीय त्यांनी पहिल्या महिन्यात निकाल लावू नका. ब्रेक हळू आणि लांबून मारायची सवय लागायला वेळ जातो. हवा तपासा, टाकी फुल टू फुल लिहीत राहा. सिटीत चालवूनही आकडा सतत पंधराच्या खाली असेल, तर मात्र ती वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. वही समोर ठेवली की बोलणं सोपं होतं.

तुमचे आकडे मला पाठवा. फक्त शहर आणि हायवे वेगळं लिहा, आणि एसी चालू होता का तेही. भेटू पुढच्या भागात. सीटबेल्ट लावा, मागे बसलेल्यांनीसुद्धा!