बेपत्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त यशवंतपूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी असा विषय निवडल्याबद्दल प्रथम आम्ही आपली क्षमा मागतो. तरुणांच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा होती. आम्ही पडलो सरकारी नोकर. उभी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. डोंगर चढण्याशी आमचा संबंध पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे कधी गेला नाही. परंतु गेल्या हिवाळ्यातील एका रात्रीने हा विषय आमच्या घरात आणून बसवला.

आमचे चिरंजीव मित्रांसमवेत कुमारपर्वतावर गेले होते. आपल्या यशवंतपूरहून मंगळूरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने सुब्रह्मण्य रोडला उतरावे, तेथून सुब्रह्मण्य गाठावे आणि १,७१२ मीटर उंचीचे ते शिखर चढून यावे, हा इकडील तरुणांचा आवडता क्रम आहे. संध्याकाळी सातला फोन करतो, असे सांगून ते गेले. सातचे दहा झाले, दहाचे दोन झाले. सौभाग्यवतींनी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. पोलिसांत वर्दी द्यावी म्हणून आम्ही कागद पुढे ओढला, आणि लेखणी अडली. बरोबर कोण आहेत? कोणत्या वाटेने चढले? अंगात कपडे कोणते? आयुष्यभर इतरांच्या अर्जांतील रिकामे रकाने दाखवीत आलो. त्या रात्री आमच्याच मुलाच्या अर्जात आम्हांला एकही रकाना भरता येईना.

सकाळी नऊला फोन आला. उतरताना अंधार पडला म्हणून वाटेतच मुक्काम केला होता, आणि तेथून फोन लागत नव्हता. चौदा तासांत प्रकरण मिटले. परंतु सर्वांचेच असे मिटत नाही.

याच कुमारपर्वतावर सप्टेंबर २०१९ मध्ये बंगळुरूचा एक तरुण सोबत्यांपासून दुरावला आणि दोन रात्रींनंतर आपल्या पायांनी खाली आला. मे २०२२ मध्ये लोणावळ्याच्या नागफणीजवळ दिल्लीचा एक तरुण अभियंता वाट चुकला. आपण चुकल्याचे त्याने फोनवरून कळवले, मग फोन मुका झाला. चार दिवसांच्या शोधानंतर दरीत त्याचा देह सापडला. या दोन्ही घरांना उत्तर मिळाले. एकाला आनंदाचे, दुसऱ्याला वज्राघाताचे. ज्या घराला उत्तरच मिळत नाही, त्याने काय करावे?

अशा घराची एक हकीकत अमेरिकेतील आहे. एव्हरेट रुएस हा वीस वर्षांचा तरुण चित्रे काढीत, कविता लिहीत, गाढवांच्या पाठीवर सामान लादून एकटाच रानोमाळ हिंडत असे. नोव्हेंबर १९३४ मध्ये यूटा प्रांतातील एस्कलांटे या गावाहून तो दऱ्यांच्या मुलुखाकडे निघाला. वाटेत काही मेंढपाळांना भेटला, आणि त्यानंतर तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. यात आमच्या मनाला लागलेली गोष्ट निराळीच आहे. आपल्याला महिना-दोन महिने टपाल कचेरी लाभणार नाही, असे त्याने घरी आधीच कळवले होते. म्हणून आईवडील निश्चिंत राहिले. चौकशी सुरू झाली ती फेब्रुवारी १९३५ मध्ये. शोधकांना एका दरीत त्याची दोन गाढवे सापडली; खडकावर 'निमो' म्हणजे 'कोणीही नाही' हा लॅटिन शब्द आणि १९३४ हे साल कोरलेले आढळले. तो कड्यावरून पडला, बुडाला, की कोणी त्याचा घात केला, याचा निर्णय आजतागायत झालेला नाही. २००८ मध्ये काही अस्थी मिळाल्या. त्या त्याच्याच, असा प्रयोगशाळेने २००९ मध्ये निर्वाळा दिला. पंचाहत्तर वर्षांनी कुटुंबाला उत्तर मिळाले असे वाटले. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेने फेरतपासणी केली, आणि त्या अस्थी दुसऱ्याच कोणाच्या ठरल्या!

आपण मराठी माणसांनी हे दुःख ओळखावे असे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही. १७६३ मध्ये त्या गेल्या त्या सौभाग्यचिन्हांनिशी. पुढे मीच भाऊ म्हणून तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, बंड झाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. खात्री नसली म्हणजे आशेला कोणीही फसवू शकते.

शास्त्रकारांनी हे जाणले होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, अशी रूढी आपल्याकडे आहे. कायदा सात वर्षे थांबतो. स्वाभाविकपणे ज्यांना वार्ता कळावी त्यांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही राहिला आहे. कचेरीचे काम त्याने चालते. आईचे चालत नाही. दाराची कडी वाजली की ती आठव्या वर्षीही उठते.

तरुण मित्रहो, डोंगरावर जाऊ नका, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. ज्यांच्या पूर्वजांनी सह्याद्रीच्या कड्यांवर राज्य उभे केले, त्यांना तो उपदेश शोभणार नाही. आमचे मागणे एका चिठ्ठीपुरते आहे. कोठे जातो, कोणत्या वाटेने चढणार आणि कोणत्या वाटेने उतरणार, बरोबर कोण, त्यांच्या घरचे फोन, अंगावरचे कपडे, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा, एवढे लिहून घरी ठेवा. मग ठरल्या वाटेखेरीज जाऊ नका, आणि सोबत्यांतील सर्वांत मंद चालणाऱ्याला मागे टाकू नका. आम्हां वडीलधाऱ्यांनीही वेळ टळताच संकोच न करता वर्दी द्यावी. पोर हसेल म्हणून थांबू नये. पहिले तासच मोलाचे असतात.

मंडळाला एक नम्र सूचना आहे. कार्यालयात वर्गणीची वही आहे, पुस्तकांची आहे, गणेशोत्सवाची आहे. तिच्याशेजारी डोंगरावर जाणाऱ्यांची एक वही ठेवावी. येथे अनेक मुले घर सोडून, खोली घेऊन राहतात. त्यांची चिठ्ठी ठेवायला घर नाही. ते घर मंडळाने व्हावे. जाताना नोंद करावी, परतल्यावर समोर सही करावी, आणि ज्या रात्री सही राहील त्या रात्री मंडळातील कोणीतरी जागे राहावे. पहिली वही आम्ही आणून दिली आहे. तिच्या पहिल्या ओळीत आमच्या चिरंजीवांचे नाव आहे, आणि त्यापुढे परतल्याची सही आहे.