शास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी एक विद्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी शास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलींविषयी बोलणार आहे.

माझी भाची वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात. संशोधनाच्या एका जागेसाठी मुलाखतीला गेली आणि हिरमुसली होऊन परतली. म्हणाली, “मावशी, झाडांविषयी दोनच प्रश्न विचारले. बाकी सारे प्रोग्रॅम लिहिता येतो का आणि आकडेवारीचा अर्थ कसा लावाल, हेच!” ती जागा तिला मिळाली नाही.

असे का व्हावे? आपल्या पुण्याच्या वाटेवर नारायणगावाजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. हळदीकुंकवाला 30 जणी जमल्या आणि प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घालायची म्हटले, तर 435 जोड्या होतात. तशीच तेथे प्रत्येक तबकडीने टिपलेली लहर दुसऱ्या प्रत्येकीच्या लहरीशी क्षणोक्षणी ताडून पाहावी लागते. शिवाय मोबाईलचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट निवडून काढावा लागतो, तेव्हा कोठे आकाशाचे चित्र उमटते. हे हाताने होणारे काम नव्हे.

आकाश दूर राहिले. आपल्या नाशिकची द्राक्षबागच पाहा ना. डावणी येणार की नाही, हे पाने किती तास ओली राहिली आणि उष्णतामान किती होते, यावर पुष्कळसे ठरते. बागेत बसवलेली यंत्रे हे आकडे रात्रंदिवस टिपतात. परंतु त्या ढिगातून फवारणीचा दिवस काढून देणारे माणूस हवे असते.

म्हणून मूळ विषय सोडावा असे मात्र नाही. खोटा आकडा दिला तरी यंत्र त्याचा बिनचूक हिशेब करते! आपण गावाला गेलेल्या दिवसांचेही दूध कार्डावर मांडलेले दिसले, की आपली बेरीज तेथेच थांबते. तीच सवय या विद्येत कामी येते. आकडा संशयास्पद आहे हे विषय जाणणारीलाच कळते.

पायथन आणि आर या संगणकाच्या भाषा विनामूल्य मिळतात. शिकायला साधा संगणक पुरतो. जोडीला संख्याशास्त्र पक्के हवे. मंडळाने आपल्या खोलीत एक संगणक ठेवावा आणि रविवारी जाणत्या मुलींनी इतरांना शिकवावे, अशी माझी सूचना आहे.

आणि एक विनंती. एकाच मुलाची क्लासची फी भरता येईल अशी वेळ आली, की पुष्कळ घरांत “आधी मुलगा” असे न बोलताच ठरते. यंदा ते बोलून ठरवा, आणि त्या वेळी मुलीलाही समोर बसवा.